काळीची पांढरी होतांना

मराठी मुलखांतील गांवाचे दोन भाग पूर्वापार मानलेले आहेत. जेथें माणसें राहतात ती पांढरी आणि जेथें पीक येतें ती काळी. पांढरी म्हणजे नुसती घरांची जागा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, गोठ्यांतील शेण आणि पडक्या भिंतींची माती यांनीं तेथील जमिनीचा रंगच पालटलेला असतो. आणि तीच पांढरी माती पुन्हां नव्या भिंतीसाठीं व धाब्यासाठीं उपयोगीं पडते. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९५८ सालीं अशीच एक अतिप्राचीन पांढरी उजेडांत आली. पुढील दोन दशकांत तेथें उत्खननें झालीं, आणि साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीं या नदीकांठीं शेती करून राहणाऱ्या लोकांच्या वस्तीचे थर एकावर एक सांपडले. वसती उंचवट्यावर आणि पीक भोंवतालच्या रानांत, ही वांटणी या भागांत इतकी जुनी आहे.

ही वांटणी मोडावी काय, मोडावी तर कोठें आणि कोणाच्या अनुमतीनें, हा प्रश्न मात्र तुलनेनें अर्वाचीन आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील राहुरी तालुक्यांत एकादा शेतकरी आपलें शेत बिनशेती करून मागतो तेव्हां त्या कागदाच्या मागें पावणेदोनशें वर्षांचा इतिहास उभा असतो. त्या अर्जाचा विचार करणाऱ्यानें काय काय पाहावें, हें ज्या क्रमानें ठरत गेलें तो क्रम समजून घेतल्यास आजच्या पुष्कळ अडचणींचें मूळ कळतें.

इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर दक्षिणेंत शेतसाऱ्याची जी व्यवस्था बसविली गेली तिचा पहिला यशस्वी प्रयोग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत झाला. गोल्डस्मिड व विंगेट हे दोन अधिकारी तिचे कर्ते. प्रत्येक शेतास क्रमांक दिला गेला, हद्दीचे दगड रोवले गेले, आणि मातीचा रंग, पोत व खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती लावण्यांत आल्या. उत्तम काळी खोल जमीन ती सोळा आण्यांची. तेथून खालीं बरड माळरानापर्यंत आण्यांचा आंकडा उतरत जाई. सारा तीस वर्षांसाठीं कायम होई. अहमदनगर जिल्ह्यांत ही मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झाली. प्रतबंदीचा हेतु सारा बसविण्याचा होता. तथापि तिच्यामुळें एक गोष्ट सहजगत्या साधली. कोणत्या शेताची माती किती कसाची, याची लेखी नोंद गांवोगांव तयार झाली. पुढें ज्या प्रश्नाचा निर्णय करतांना हीच नोंद सर्वांत उपयोगी पडावी, त्याच वेळीं ती बहुधा दप्तरांतच राहिली.

सारा निश्चित झाल्यावर जमिनीला किंमत आली आणि किंमत आल्यावर ती तारण म्हणून सावकाराकडे जाऊं लागली. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा जो उठाव झाला तो लवकरच अहमदनगर जिल्ह्यांतही पसरला. त्यानंतर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. याच सुमारास, १८७८ सालीं, दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि राहुरी तालुका दूरच्या बाजारपेठांस जोडला गेला. मग १८७९ सालीं दोन महत्त्वाचे कायदे झाले. एक दक्षिणेंतील शेतकऱ्यांस कर्जाच्या कचाट्यांतून सोडविण्याचा, आणि दुसरा मुंबई इलाख्याचा जमीन महसुलाचा. शेत कोणाच्या हातीं राहावें याचा विचार पहिल्यानें केला. तें कशासाठीं वापरावें याचा दुसऱ्यानें.

या दुसऱ्या कायद्याच्या ६५ व्या कलमांत बिनशेती परवानगीचें बीज आहे. खातेदारानें शेतीच्या सोयीसाठीं गोठा बांधावा, विहीर खणावी, तलाव करावा. त्यास कोणाची परवानगी नको. परंतु शेताचा उपयोग इतर कामासाठीं करावयाचा असेल तर कलेक्टराकडे अर्ज केला पाहिजे. कलेक्टरानें अर्जाची पोंच द्यावी, चौकशी करावी आणि होकार किंवा नकार कळवावा. पोंच दिल्यापासून तीन महिन्यांत उत्तर न गेलें तर परवानगी मिळाली असें समजावें. परवानगीवांचून उपयोग बदलला तर जमिनीवरून काढून लावण्यापर्यंत शिक्षेची तरतूद होती. त्याच कायद्याच्या ४८ व्या कलमानें शेतीसाठीं, घरांसाठीं आणि इतर कामांसाठीं साऱ्याचे वेगवेगळे प्रकार ठरविले होते. म्हणजे मूळ प्रश्न सरळ होता. पीक देणारी जमीन घरभाडें किंवा नफा देऊं लागली तर सरकारचा वांटाही वाढला पाहिजे. मातीचें काय होईल, शेजाऱ्याच्या पाण्याचें काय होईल, हें त्या वेळीं विचारण्याचें कारण फारसें नव्हतें. जमीन विपुल होती आणि बिनशेतीचे अर्ज शहरांच्या कडेला थोडेसे येत.

राहुरीच्या बाजूस हा हिशेब पाण्यानें बदलला. येथील सरासरी पाऊस सुमारें वीस इंचांचा. तोही भरंवशाचा नाहीं. जिरायत शेताची किंमत आभाळावर अवलंबून असते. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण पुरें होऊन १९२६ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें, आणि कालव्यांखालीं आलेल्या काळ्या जमिनींत ऊंस उभा राहिला. धरणाचें काम चालू असतांनाच शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यांतील हरेगांव येथें बेलापूर कंपनीनें शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानें घेऊन साखरेचा मोठा उद्योग मांडला होता. जमीन शेतीखालींच राहिली. पण ती धन्याच्या हातून गेली. पुढें १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानें अशा कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या, १९६३ सालीं राज्याचें शेती महामंडळ स्थापन झालें, आणि खंडकरी कुटुंबांस आपल्या जमिनी परत मिळूं लागण्यास २०१२ साल उजाडावें लागलें. खंडाचा कागद करणाऱ्या आजोबानें फार तर एका पिढीचा विचार केला असेल. त्याची फेड नातवापणतवांनीं केली. एकदां दुसऱ्या कामाला लागलेली जमीन मागें वळविणें किती कठीण असतें, याचें हें घरचें उदाहरण होय.

स्वातंत्र्याच्या सुमारास शेतजमिनीसंबंधीं कायद्यांची एक मालिकाच सुरू झाली. १९४७ च्या कायद्यानें जमिनीचे तुकडे पाडण्यास बंदी केली. १९४८ च्या कूळकायद्यानें शेतकरी नसलेल्या माणसास शेतजमीन विकण्यावर निर्बंध घातले, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणारें कूळ कायद्यानें जमिनीचें मालक मानलें जाऊं लागलें. मात्र अशी मिळालेली जमीन सरकारच्या मंजुरीवांचून विकतां येत नसे. या निर्बंधांचा उगम शहाणपणांतच होता. कुळास जमीन द्यावयाची आणि दुसऱ्याच वर्षीं ती व्यापाऱ्यानें विकत घ्यावयाची, असें झालें असतें तर सर्व खटाटोप फुकट गेला असता.

याच काळांत इंग्लंडमध्यें हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेनें पुढें आला होता. महायुद्ध चालू असतांना, १९४२ सालीं, न्यायमूर्ति स्कॉट यांच्या समितीनें असें सुचविलें कीं चांगली शेतजमीन शेतीखालींच राहावी. ती दुसऱ्या कामासाठीं मागणाऱ्यानें आपली मागणी राष्ट्रहिताची आहे हें सिद्ध करून दाखवावें. समितीचे एक सभासद डेनिसन यांनीं भिन्न मतपत्रिका जोडली. शेतीला असें आगाऊ झुकतें माप देऊं नये. प्रत्येक वेळीं समाजाचा एकंदर लाभ-तोटा तोलावा, असें त्यांचें म्हणणें. १९४७ चा तेथील नगररचनेचा कायदा या वादाच्या पार्श्वभूमीवर झाला. हा वाद पुस्तकी नाहीं. राहुरीच्या तहसील कचेरींत एकाद्या अर्जावर शेरा लिहितांना, नांवें ठाऊक असोत वा नसोत, या दोहोंपैकीं एका पक्षाची बाजू घ्यावीच लागते.

महाराष्ट्रांत या प्रश्नास नवें वळण १९६६ सालच्या दोन कायद्यांनीं दिलें. एक प्रादेशिक व नगररचना अधिनियम. तो जानेवारी १९६७ पासून अमलांत आला. दुसरा जमीन महसूल संहिता. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून. संहितेनें १८७९ चीच चाल पुढें नेली. अर्जाची पोंच सात दिवसांत आणि निर्णय नव्वद दिवसांत, एरवीं परवानगी मिळाली असें समजावें, असें तिनें ठरविलें. परंतु नकाराचीं कारणें तिनें स्पष्ट केलीं. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता व सोय यांस बाध येत असेल, अथवा गांवाच्या किंवा शहराच्या नियोजित विकासाच्या योजनेशीं विसंगत असेल, तर परवानगी नाकारतां यावी. साऱ्याच्या प्रश्नाशेजारीं आतां व्यवस्थेचा प्रश्न येऊन बसला. नगररचनेच्या अधिनियमानें त्याहून पुढची गोष्ट केली. जमिनीचा उपयोग आधींच नकाशावर रंगवून ठेवावा. राहण्याचा भाग पिवळा, शेतीचा हिरवा. हिरव्याचा पिवळा करावयाचा असेल तर नोटीस प्रसिद्ध करावी, लोकांच्या हरकती मागवाव्यात, त्या ऐकाव्यात आणि शेवटीं सरकारनें मंजुरी द्यावी.

राहुरीच्या जमिनीवर सार्वजनिक कामाचाही मोठा हक्क बसला. बारागांव नांदूर येथें मुळेवर धरण झालें. सव्वीस हजार दशलक्ष घनफूट पाणी सांठविणारा तो जलाशय ज्ञानेश्वरसागर या नांवानें ओळखला जातो. त्याचें पाणी राहुरीसह नेवासें, शेवगांव व पाथर्डी या भागांच्या शेतीस मिळालें आणि जिल्ह्याच्या शहरालाही पिण्यास मिळालें. त्याच दशकांत राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठ उभें राहिलें. त्यासाठीं आसपासच्या गांवांतील शेतकऱ्यांची विस्तीर्ण जमीन संपादन करण्यांत आली. शेतीचें शास्त्र वाढविण्यासाठीं शेतकऱ्यानें शेत दिलें. त्या शास्त्राचा लाभ साऱ्या महाराष्ट्रास झाला. पण ज्यांनीं जमीन दिली त्यांच्या वारसांना विद्यापीठांत नोकरी मिळावी ही मागणी दशकानुदशकें चालत राहिली. लोकहिताचें काम असलें तरी त्याचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न त्या कामाच्या मोठेपणानें मिटत नाहीं.

आतां समजा, राहुरी गांवाबाहेर मनमाड रस्त्याच्या कडेला दोन एकरांचें एक शेत आहे. तें मुळेच्या कालव्याखालीं येतें. मालक म्हातारा झाला आहे, एक मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास आहे, विहिरीचें कर्ज फिटावयाचें आहे, आणि घरें बांधूं इच्छिणारा मनुष्य पिकाच्या वीस वर्षांच्या उत्पन्नाहून अधिक किंमत देऊं करतो आहे. अर्ज आला. पाहणाऱ्यानें प्रथम सातबारा व फेरफार पाहावयाचे. जमीन पूर्ण मालकीची कीं नव्या व अविभाज्य शर्तीची? कुळाचा, वतनाचा, बहिणीच्या हिश्शाचा कांहीं गुंता आहे काय? मग नकाशा पाहावयाचा. शेताचा रंग हिरवा कीं पिवळा? मग जागेवर जावयाचें. रस्ता किती रुंद, सांडपाणी कोठें जाणार, पिण्याचें पाणी कोठून येणार? शेवटीं आकार बसवून गांव नमुना दोनमध्यें नोंद करावयाची. इतकें झालें कीं कायद्यानें सांगितलेली चौकशी बहुतेक संपते.

परंतु कांहीं गोष्टी या चौकशींत सहसा सांपडत नाहींत, आणि त्याच खऱ्या वजनाच्या असतात. या शेतांतून पुढच्या चार शेतांना पाण्याची चारी जाते काय? ती बुजली तर त्या चौघांचें काय? धरणाचें पाणी या मातीपर्यंत आणण्यास सार्वजनिक पैसा लागला. तें पाणी आतां कोणत्या मातीला द्यावयाचें? जुन्या प्रतबंदींत हें शेत किती आण्यांचें? तालुक्यांत बरड, मुरमाड माळ थोडे नाहींत. घराच्या पायालाही काळी माती सोयीची नसते. ती उन्हाळ्यांत भेगाळते, पावसाळ्यांत फुगते, आणि भिंतींस तडे जातात. मुरूम त्याहून बरा. मग जी जमीन पिकाला उत्तम व पायाला वाईट, तिच्यावरच घरें कां चढतात? कारण ती सडकेच्या कडेला आहे, आणि तिला पाणी आहे म्हणूनच तेथें वस्ती आली आहे. एका शेताला परवानगी मिळाली कीं शेजारच्या शेताचा भाव त्याच दिवशीं बदलतो. त्याचा मालक मग बांधबंदिस्ती करीत नाहीं, बाग लावीत नाहीं, वाट पाहतो. निर्णय दोन एकरांचा असतो, परिणाम पन्नास एकरांवर होतो.

याउलट सरसकट नकार दिला तर काय होतें, हेंही इतिहासानें दाखविलें आहे. पुण्याजवळच्या पिंपळें सौदागर या गांवाची पाहणी डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केली. १७७१ सालीं तेथें सरासरी चाळीस एकरांचें असलेलें खातें १९१५ पर्यंत सात एकरांवर आलें होतें. १५६ मालकांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते, आणि त्यांतील ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते. अशा शेतावर पोट भरत नाहीं, ही तक्रार तेव्हांपासूनची. आज तें गांव पिंपरी-चिंचवड महानगराचें दाट वस्तीचें उपनगर आहे. जेथें शेत पोसत नाहीं व शहर दाराशीं आलें आहे, तेथें नुसत्या मनाईनें शेती टिकत नाहीं. शहराबाहेर ठिकठिकाणीं लोकांनीं परवानगीवांचून गुंठ्यागुंठ्यानें जमिनी विकल्या. घेणारा बहुधा गरीब. त्यानें जन्माची पुंजी देऊन गुंठा घेतला, पण रस्ता नाहीं, गटार नाहीं आणि नांवावर उताराही नाहीं. शेवटीं २००१ सालीं असा विकास नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि २०२१ सालीं त्याची मुदत पुन्हां पुढें न्यावी लागली. नाकारलेली परवानगी अशा मागच्या दारानें आंत आली, आणि येतांना शेत व गांव या दोघांचीही व्यवस्था बिघडवून आली.

या दोन टोकांमध्यें एक तिसरी वाट हडपसरच्या मगर कुटुंबांनीं काढली. १९८२ च्या पुण्याच्या विकास आराखड्यांत त्यांच्या जमिनी भावी नागरी विभागांत दाखविल्या गेल्या. एकेकट्यानें विकून टाकण्याऐवजीं सुमारें सव्वाशें कुटुंबांनीं चारशें एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकारानें सरकारकडे स्वतःच मागणी केली, आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनींत वांटा ठरविला. १९९० नंतरच्या दशकांत मंजुरी मिळाली व पुढें मगरपट्टा हें नगर उभें राहिलें. शेत गेलें हें खरें. पण जमिनीचा वाढलेला भाव दलालाकडे न जातां कसणाऱ्याच्या घरीं राहिला. मात्र ही वाट महानगराच्या दारांतली आहे, हें विसरतां कामा नये. राहुरीसारख्या पाण्याखालच्या तालुक्याला ती जशीच्या तशी लागू पडेल असें नाहीं. तिचा बोध इतकाच कीं अर्ज एकट्यादुकट्या शेताचा न ठरतां सबंध शिवाराचा व्हावा.

अलीकडे कायद्याचा ओघ परवानगी सैल करण्याकडे आहे. २०१४ सालीं आणि त्यानंतरच्या वर्षांत संहितेंत नवीं कलमें घालण्यांत आलीं. विकास आराखड्यांतील पूर्ण मालकीच्या जमिनींस, तसेंच गांवठाणाच्या हद्दीपासून दोनशें मीटरांपर्यंतच्या जमिनींस, वेगळ्या बिनशेती परवानगीची अडचण कमी व्हावी असा त्यांचा रोंख होता. यानें कचेरींतील हेलपाटे वांचले, ही सामान्य माणसाची मोठीच सोय झाली. परंतु त्यामुळें निर्णयाची जागा बदलली. पूर्वीं तो प्रत्येक अर्जाच्या वेळीं कलेक्टरापुढें होत असे. आतां तो बव्हंशीं नकाशा रंगविला जातो त्याच दिवशीं होऊन जातो. शेतकऱ्यानें व गांवानें हरकत घ्यावयाची ती घर उभें राहतांना नव्हे, तर आराखडा प्रसिद्ध होऊन सूचना मागविल्या जातात तेव्हां. बहुतेक गांवांत नेमका तोच दिवस कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

पावणेदोनशें वर्षांत या एका अर्जाला निरनिराळे प्रश्न विचारले गेले. प्रथम, सरकारला सारा किती मिळेल. मग, जमीन कसणाऱ्याच्या हातांतून जाईल काय. मग, रस्ता, गटार व नकाशा यांशीं जुळेल काय. हे तिन्ही प्रश्न योग्यच आहेत; परंतु माती कशी आहे व पाणी कोणाचें आहे, हा चौथा प्रश्न १८५० च्या सुमारास साऱ्यासाठीं विचारला गेला, आणि नंतर परवानगीसाठीं विचारावयाचा राहून गेला. तो विचारला तर प्रत्येक वेळीं उत्तर नकाराचेंच येईल असें नाहीं. बरड माळावर होकार सहज देतां येईल, गांवठाणास लागून देतां येईल. चारीच्या पाण्याखालच्या सोळा आणे जमिनीवर देतांना मात्र हात क्षणभर थांबेल. दायमाबादच्या लोकांनीं आपली पांढरी उंचवट्यावर वसविली आणि काळी नांगरासाठीं राखली. पांढरी ओस पडली तरी तिच्यावर पुन्हां गांव वसतें. काळी एकदां दगडविटांखालीं गेली म्हणजे ती परत मिळविण्यास कोणत्याही कायद्याचें कलम पुरत नाहीं.